दोन कार्डे : सारखी की वेगळी?

पूर्वी घरोघरी भिंतीला एक जाड तार टांगलेली असे. तारेच्या खालच्या टोकाला लाकडाची गोल चकती, वरच्या टोकाला अणकुचीदार आकडा. आलेले पत्र वाचून झाले की ते त्या आकड्यातून टोचून खाली सरकवायचे. वर्षानुवर्षे पत्रे अशी एकावर एक बसत जात. आमच्या घराच्या माळ्यावर अशी एक तार सापडली तेव्हा मी नववीत होतो. तारेला वीस-पंचवीस पत्रे होती आणि त्यांत व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेली, पाव आणा किमतीची काही पोस्टकार्डे होती. मजकूर मोडी लिपीत होता, त्यामुळे मला त्यातले अक्षरही कळेना. पण कार्डे पाहताना एक गोष्ट लक्षात आली. एक कार्ड सायीसारखे पिवळसर होते, तर दुसरे चहात बुडवून काढल्यासारखे तपकिरी. चित्र तेच, अक्षरे तीच, किंमत तीच. मग कागद वेगळा का? सरकारने दोन प्रकारचा कागद वापरला असेल, आणि हा शोध आपणच प्रथम लावला आहे, अशी माझी पक्की खात्री झाली!

त्या 'शोधा'चे पुढे काय झाले ते सांगणारच आहे. पण तो प्रश्न मात्र खरा होता. वरवर अगदी सारखी दिसणारी दोन जुनी कार्डे खरोखर सारखी आहेत का, आणि वेगळी असतील तर तो फरक कारखान्यात पडला की नंतर घरात, हे कसे ओळखायचे? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक चांगले भिंग, एक पट्टी, शाळेतला स्क्रू गेज आणि खिडकीतून तिरपा येणारा प्रकाश एवढ्यावर बरेच काम भागते.

आधी कार्डाची थोडी ओळख करून घेऊ. आपण येथे चित्रांच्या कार्डांविषयी बोलत नाही. ज्या कार्डावर तिकीट सरकारनेच छापलेले असते, वेगळे चिकटवावे लागत नाही, ते टपालखात्याचे कार्ड. असे पहिले कार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी विक्रीस आले. एमान्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याच वर्षाच्या आरंभी वृत्तपत्रात लेख लिहून ही कल्पना मांडली होती. बरोबर एका वर्षाने ब्रिटनने ती उचलली, १८७३ च्या मे महिन्यात अमेरिकेने, आणि १ जुलै १८७९ रोजी भारतात पाव आण्याचे कार्ड आले. त्या वेळी साध्या पत्राला अर्धा आणा पडे, म्हणजे कार्ड निम्म्या खर्चात जाई. कार्डावर इंग्रजीत 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' असे छापलेले असे. ही कार्डे लंडनच्या 'टॉमस दे ला रू' या कंपनीत छापली जात आणि बोटीने हिंदुस्थानात येत.

अशी कार्डे लाखांच्या संख्येने वर्षानुवर्षे छापली गेली. इतका काळ एकच कागद, एकच ठसा आणि एकच शाई कोण वापरणार? कागद संपतो, गिरणी बदलते, ठसे झिजतात, नवे करावे लागतात. म्हणून फरक पडतातच. ते शोधायचे कोठे, एवढाच प्रश्न.

कागदापासून सुरुवात करू. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे एकमेकांत गुंतलेले जाळे. पाण्यात कालवलेला लगदा जाळीवर पसरायचा, पाणी निथळू द्यायचे, दाबायचे आणि वाळवायचे. लगदा ओला असतानाच त्यावरून तारेची नक्षी बसवलेला हलका रूळ फिरवला, तर नक्षीच्या जागी तंतू थोडे बाजूला सरकतात आणि कागद तेवढ्यापुरता पातळ होतो. उजेडासमोर धरले की तेथून प्रकाश जास्त येतो. हेच जलचिन्ह. नोटेवर तुम्ही ते पाहिले असेल.

या जलचिन्हाने काय घोटाळा होऊ शकतो त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेची पहिली कार्डे. १८७३ चे एक सेंटचे कार्ड तपकिरी शाईत छापलेले होते, आणि त्याच्या कागदात अमेरिकन टपालखात्याची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून केलेले जलचिन्ह होते. पहिल्या कार्डांत हे चिन्ह मोठे, सुमारे ९० मिलिमीटर रुंद आहे. त्याच वर्षी नंतर निघालेल्या कार्डांत ते लहान, सुमारे ५३ मिलिमीटर रुंद आहे. टेबलावर ठेवली तर दोन्ही कार्डे तंतोतंत सारखी. उजेडासमोर धरल्यावरच ती वेगळी ठरतात. पुढे १८७५ साली काळ्या शाईतले नवे कार्ड निघाले. त्यातली काही कार्डे लहान जलचिन्हाच्या कागदावर आहेत आणि बाकीची जलचिन्ह नसलेल्या कागदावर. जलचिन्हाची फार थोडी आहेत, त्यामुळे संग्राहकांच्या लेखी त्यांचे मोल दुसऱ्यांच्या अनेक पट आहे. पण सावध! कार्ड जाड असते, वर मजकूर लिहिलेला असतो, डाग पडलेले असतात. अशा कार्डात जलचिन्ह 'दिसले नाही' याचा अर्थ ते 'नाही' असा होत नाही. मागे प्रखर दिवा ठेवून, कार्ड थोडे थोडे फिरवून, वेगवेगळ्या कोनांतून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

जलचिन्ह नसेल तर तंतूंकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगला कागद चिंध्यांपासून, म्हणजे कापूस आणि जवस यांच्या तंतूंपासून होई. मग लाकूड आले. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची रीत काढली. हा लगदा स्वस्त, पण त्यात लाकडातले लिग्निन जसेच्या तसे राहते. प्रकाश आणि हवा लागली की लिग्निन पिवळे, मग तपकिरी होते. रसायनांत शिजवून लिग्निन काढून टाकण्याच्या रीती नंतर रुळल्या, म्हणून एकाच काळात तीन-चार दर्जांचा कागद बाजारात होता. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो, जवसाच्या तंतूवर बांबूसारखी पेरे दिसतात, आणि देवदार-चीड अशा झाडांच्या तंतूंवर ओळीने गोल खळगे दिसतात. शाळेच्या प्रयोगशाळेत वर्तमानपत्राचा कपटा पाण्यात भिजवून, सुईने मोकळा करून, काचपट्टीवर पाहा. जुन्या कार्डाचा कपटा मात्र काढायचा नाही!

आता स्क्रू गेज. त्याने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता येतो. मी माझ्या दोन कार्डांची जाडी एकेकदा मोजली. एक आले ०.२४ मिलिमीटर आणि दुसरे ०.२२. झाले, शोधाला पुरावा मिळाला! मी धावतच विज्ञानाच्या सरांकडे गेलो. सरांनी एवढेच विचारले, "एका कार्डाची दहा ठिकाणी मोजलीस का?" मोजली. एकाच कार्डाची जाडी ०.२१ पासून ०.२४ पर्यंत कोठेही येत होती. कडा हाताळून झिजलेल्या, मध्ये थोडी फुगलेली, छापलेल्या भागात दबलेली. म्हणजे दोन कार्डांत मला जेवढा फरक दिसला होता तेवढा एकाच कार्डाच्या पोटात होता. शिवाय महिना होता श्रावणाचा. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि फुगतो. यंत्रावर कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने तंतू जास्त संख्येने ओळीत बसतात. तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगत असल्यामुळे कागद आडव्या दिशेला जास्त वाढतो. मे महिन्यात मोजलेले आणि जुलैमध्ये मोजलेले कार्ड मिलिमीटरच्या अंशाने का होईना, पण लहानमोठे भरते. तेव्हा दोन कार्डांची तुलना एकाच दिवशी, एकाच खोलीत आणि अनेक मापांची सरासरी काढूनच करायची.

छपाईकडे वळू. हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण यात भिंगाखाली फार सुंदर गोष्टी दिसतात. आधी एक सोपा प्रयोग करा. रबरी शिक्का शाईच्या गादीवर दाबून कागदावर उमटवा आणि भिंगातून पाहा. अक्षरांच्या कडेला शाईची गडद रेघ दिसेल आणि आतला भाग फिकट. दाबामुळे शाई मधून कडेला ढकलली जाते. खिळे किंवा उठावाचा ठसा वापरून केलेल्या छपाईत हेच घडते, आणि धातूचा ठसा कागदात थोडा रुततो. कार्ड उलटे करून त्याच्या पाठीवर खिडकीचा तिरपा प्रकाश घ्या. तिकिटाच्या आणि अक्षरांच्या मागे बारीक उंचवटे दिसतील. व्हिक्टोरियाची आमची कार्डे या रीतीने छापलेली आहेत. मात्र टपालाचा शिक्का जोरात आपटला असेल तर त्याचाही उंचवटा मागे उमटतो, त्याला छपाईचा समजू नका.

शिळाछापाची गोष्ट उलट. जर्मनीत सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधलेल्या या रीतीत ठसा सपाट असतो. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी छपाई चालते. त्यामुळे शाई सपाट बसते, कडेला गडद रेघ नाही, मागे उंचवटा नाही. आजची ऑफसेट छपाई ही याच घराण्यातली. तिसरी रीत खोदलेल्या ठशाची. तिच्यात शाई खाचांत भरलेली असते आणि कागदावर ती किंचित वर उठून राहते. नोटेवर बोट फिरवले की कळते. फोटोग्रॅव्हूर ही तिचीच धाकटी बहीण. तिच्यात चित्र असंख्य बारीक खळग्यांतून उमटते आणि भिंगाखाली अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्याच्या तिकिटांत या तिन्ही रीती पाहायला मिळतात : १९२६ ची तिकिटे उठावाच्या ठशाने, १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्‌घाटनाची शिळाछापाच्या रीतीने, आणि १९५२ ची संतकवींची फोटोग्रॅव्हूरने. कार्डांवर हात टाकण्याआधी या तिकिटांवर डोळे तयार करून घ्यावेत, असे मी सुचवीन. ती सहज मिळतात.

एकाच रीतीच्या छपाईतही ठसे वेगळे असू शकतात. अमेरिकेच्या १८८१ च्या कार्डावर तिकिटात 'वन सेंट' या शब्दांच्या खाली नक्षीचे दाते आहेत. बहुतेक कार्डांवर ते २३ भरतात, काहींवर २१. बाकी सर्व सारखे. हे ओळखायला रसायन नको, यंत्र नको. फक्त मोजण्याची चिकाटी हवी. आपल्याकडचे उदाहरण म्हणजे पाव आण्याच्या कार्डावरचा 'ईस्ट' हा शब्द १८९९ साली गळाला. तो असेल तर कार्ड जुन्या छपाईचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारसारख्या काही संस्थानांची टपालव्यवस्था इंग्रज सरकारच्याच तिकिटांवर आणि कार्डांवर संस्थानाचे नाव वेगळे छापून घेई. हे नाव दुसऱ्या फेरीत छापलेले असल्यामुळे कधी वर, कधी खाली, कधी तिरपे बसलेले असते. अशा वेळी नाव आणि तिकीट यांतले अंतर पट्टीने मोजावे.

जवळच्या काळातल्या कार्डांचे वय तर छापील मजकूरच सांगतो. किंमत 'नव्या पैशां'त असेल तर कार्ड १ एप्रिल १९५७ नंतरचे, कारण दशमान नाणी त्या दिवशी सुरू झाली. 'नवे' हा शब्द जून १९६४ पासून गेला. पत्त्याखाली पिनकोडची सहा घरे असतील तर १५ ऑगस्ट १९७२ आधीचे ते असूच शकत नाही.

रंगाविषयी मात्र मी शेवटी बोलत आहे, आणि ते मुद्दाम. नवशिक्याचे लक्ष प्रथम रंगाकडे जाते, आणि रंगाइतका फसवा पुरावा दुसरा नाही. दे ला रू कंपनी तिकिटांसाठी मुद्दामच कच्च्या शाया वापरी. कोणी टपालाचा शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरू पाहिले तर तिकिटाचाच रंग उतरावा म्हणून. तेव्हा भिजलेले हिरवे तिकीट पिवळट दिसले तर ती नवी छटा नव्हे. शिसे असलेल्या नारिंगी रंगांना हवेतला गंधकयुक्त वायू लागला की ते तपकिरी-काळे पडतात. आणि माझे ते चहाच्या रंगाचे कार्ड? सरांनी ते हातात घेतले, खिडकीपाशी नेले आणि मला त्यावरचा एक पट्टा दाखवला. कार्डाच्या मध्यावरील भोकापासून निघालेला, बोटभर लांब, फिकट पिवळसर पट्टा. तारेचा आकडा वाकून जेथे कार्डावर टेकला होता, तेथे त्याची सावली राहिली होती! ते कार्ड तारेवर सर्वांत वर होते. चुलीचा धूर, धूळ आणि उजेड त्याने एकट्याने सोसले होते, आणि आकड्याखालची जागा तेवढी मूळ रंगाची राहिली होती. दोन्ही कार्डांचा कागद एकच होता. माझा शोध त्या पट्ट्याने निकालात काढला.

पण तेवढ्यावर मी थांबलो नव्हतो, आणि हे सांगायला मला आजही जड जाते. सरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी मी एक 'रासायनिक परीक्षा' केली होती. कागदाला शाई फुटू नये म्हणून कधी कधी खळ लावतात, आणि खळीतल्या स्टार्चला आयोडीन लागले की निळा-काळा रंग येतो, हे पुस्तकात वाचले होते. घरातल्या औषधांच्या पेटीत टिंक्चर आयोडीनची बाटली होती. फिकट कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात, जेथे मजकूर विरळ वाटला तेथे, मी एक थेंब टाकला. रंग आला खरा. पण टिंक्चरमध्ये स्पिरिट असते, आणि ते पत्र जांभळ्या शिसपेन्सिलीने लिहिलेले होते. त्या पेन्सिलीतला रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. बघता बघता कोपऱ्यातली एक ओळ जांभळ्या ढगात नाहीशी झाली. मोडी वाचणारे एक गृहस्थ पुढे भेटले. त्यांनी पत्र वाचून दाखवले : पेरण्या झाल्या, गाय व्याली, घरी सर्व क्षेम. पुसली गेलेली ती ओळ म्हणजे तिथी आणि पत्र जेथून लिहिले त्या गावाचे नाव. कोणी वाचण्याआधीच मी ते पुसले होते.

म्हणून एक नियम सांगून ठेवतो : ज्या परीक्षेने वस्तू बदलते ती परीक्षा जुन्या कार्डावर करायची नाही. रसायने वर्तमानपत्रावर, वहीच्या कागदावर, कोऱ्या पुठ्ठ्यावर हवी तेवढी वापरा.

कार्डाला हातही न लावता करता येणारी एक परीक्षा आज सहज उपलब्ध आहे. नोटा तपासण्याची जंबुपार किरणांची, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, छोटी बॅटरी दुकानात मिळते. (तिचा झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका, शिक्षकांसमोरच वापरा.) अंधारात हा झोत वहीच्या पांढऱ्या पानावर टाकला तर पान निळसर पांढरे झळकते. कारण कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्ये डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण शोषतात आणि तीच ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपात परत देतात. ही द्रव्ये कागदात सर्रास येऊ लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. व्हिक्टोरियाचे कार्ड असे झळकू लागले तर त्याच्याकडे संशयाने पाहायला हवे. ते आजच्या कागदावर केलेली नक्कल असू शकते. लगेच भिंग घ्या : रंगीत नक्कल असेल तर सरळ रेघेच्या जागी निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतील. पण धुण्याच्या पावडरीतही हीच द्रव्ये असतात. खिशात राहून धोब्याकडे गेलेले खरे कार्डही झळकू शकते! तेव्हा एकट्या दिव्याच्या साक्षीवर कोणालाही खोटे ठरवू नका. कागद, छपाई आणि टपालाचा शिक्का या तिघांची साक्ष जुळली पाहिजे.

या दिव्याखाली आमच्या तारेवरच्या एका कार्डाने मात्र मला चकित केले. कार्डाचे चारही कोपरे हिरवट पिवळे चमकू लागले. कागदाचा हा कुठला प्रकार, असे क्षणभर वाटले. मग लक्षात आले, ते लग्नाचे आमंत्रण होते आणि कोपऱ्यांना हळद लावलेली होती. उजेडात डाग जेमतेम दिसत होता, पण हळदीतला रंग जंबुपार किरणांत अजून झळकतो. उलट, मृत्यूची बातमी आणणारे कार्ड कोपरा फाडलेले असे, आणि वाचून झाले की ते घरात ठेवत नसत. म्हणून जुन्या घरांतल्या तारांवर तुम्हांला लग्ने, बारशी आणि पेरण्या सापडतील. दुसऱ्या बातम्या फारशा नाहीत.

ते जांभळा डाग पडलेले कार्ड माझ्याकडे अजून आहे. कागद जलचिन्हाविना, छपाई उठावाच्या ठशाची, 'ईस्ट' शब्द असलेली, म्हणजे १८९९ पूर्वीची. गावाचे नाव शोधायला आता टपालाचा शिक्का तेवढा उरला आहे, आणि तो अर्धवट उमटलेला आहे. तिरप्या उजेडात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून खूप वेळ पाहिल्यावर नावाची शेवटची दोन इंग्रजी अक्षरे वाचता येतात : यू आणि आर. 'पूर'ने संपणारी किती गावे आपल्या नकाशात आहेत, ते तुम्हीच मोजून पाहा.